दम न लागता लॅप कसे पोहावेत: व्यायाम म्हणून पोहणं सुरू करणाऱ्यांसाठी

रोज पाच किलोमीटर पळत होतो, त्यामुळे पोहताना दमाचा प्रश्न येणार नाही असं मी धरून चाललो होतो. २५ मीटरच्या तलावात पंधरा-सोळा मीटर गेलो आणि छातीत असं दाटून आलं की लेनची दोरी धरून थांबावं लागलं. शेजारच्या लेनमध्ये साठी उलटलेल्या एक बाई मी आल्यापासून अखंड पोहत होत्या. हातांना घाई नाही, पाण्याचा फारसा आवाज नाही. त्या भिंतीशी थांबल्या तेव्हा न राहवून विचारलं, "काकू, तुम्हाला दम कसा लागत नाही?" त्यांनी गॉगल कपाळावर सरकवला आणि मलाच विचारलं, "तोंड पाण्यात असतं तेव्हा तू श्वास सोडतोस का?"

मी सोडत नव्हतो. तोंड पाण्यात गेलं की श्वास कोंडून धरायचा आणि मान वर काढली की तेवढ्या अर्ध्या क्षणात आधी सोडायचा, मग घ्यायचा, असं चाललं होतं. घ्यायला वेळच उरत नव्हता. नव्याने लॅप पोहायला लागलेली बरीच माणसं नेमकी इथे अडकतात, आपल्यात दमच नाही असं समजतात आणि महिन्याभरात तलावाकडे फिरकेनाशी होतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण अडचण छोटी असते आणि कोणत्याही वयात सुटते.

ज्यांना पाण्यावर तरंगता येतं आणि कशीबशी का होईना समोरची भिंत गाठता येते, त्यांच्यासाठी हे लिहितोय. अजिबात पोहता येत नसेल तर आधी उथळ पाण्यात, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिका. ते वाचून शिकायचं काम नाही.

उतरण्याआधी

हृदयविकार, फिट येण्याचा त्रास, दमा, कानाच्या पडद्याला भोक किंवा कानाची शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल, किंवा कित्येक वर्षं शरीराला कसलाच व्यायाम नसेल, तर डॉक्टरांशी बोलून घ्या. फिट येणाऱ्या माणसाला जमिनीवर जे निभावून जातं ते पाण्यात जिवावर बेतू शकतं, म्हणून हे विचारणं टाळू नका.

पोहण्याकडून काय मिळतं आणि काय मिळत नाही, हेही आधी माहीत असलेलं बरं. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असतं. त्यामुळे प्रत्येक हाताला विरोध मिळतो आणि खांदे, पाठ, पोट, मांड्या सगळेच कामाला लागतात. तेच पाणी शरीराचं वजन पेलतं, म्हणून गुडघे आणि घोट्यांवर आदळआपट होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस हालचाल करायला सांगतात. आठवड्यातून तीनदा पन्नास-पन्नास मिनिटं पोहलात की खालची मर्यादा गाठली. मात्र वजन पाण्याने पेललेलं असल्यामुळे हाडांवर भार पडत नाही, आणि हाडं बळकट राहायला तो भार लागतो. म्हणून चालणं, जिने चढणं किंवा वजनं उचलणं पूर्ण सोडू नका. गार पाण्यातून बाहेर आल्यावर भूकही कडकडून लागते. वजन उतरवण्यासाठी येणाऱ्यांनी याची कल्पना ठेवावी.

तलाव आणि लेन

पैसे भरण्यापूर्वी तलाव एकदा बघून या, आणि तुम्ही ज्या वेळी येणार त्याच वेळी जा. दुपारी रिकामा दिसणारा तलाव संध्याकाळी मुलांनी भरलेला असू शकतो. लॅपसाठी वेगळ्या लेन आहेत का, जीवरक्षक काठावर बसून पाण्याकडे बघतोय का, खोलीचे आकडे काठावर लिहिलेत का आणि तळ स्वच्छ दिसतो का, एवढं पाहा. तळ दिसत नसेल तर बुडालेला माणूसही दिसणार नाही. अशा तलावात उतरू नका.

नाकात झोंबणारा 'क्लोरीनचा वास' हे स्वच्छतेचं लक्षण मानलं जातं, ते चूक आहे. क्लोरीनचा घाम, लघवी आणि त्वचेवरच्या मळाशी संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात आणि तो वास त्यांचा असतो. डोळेही त्यांनीच चुरचुरतात. उतरण्यापूर्वी मिनिटभर शॉवरखाली उभं राहिलं तरी अंगावरचा बराचसा मळ निघून जातो. शौचालयातही आधीच जाऊन या. पाण्याच्या दाबाने हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं, शरीराला वाटतं आपल्यात पाणी जास्त झालंय आणि मूत्रपिंडं जोरात कामाला लागतात. पोहताना लघवीची भावना होते ती त्यामुळे, आणि ती जवळपास प्रत्येकाला होते.

तलाव साधारणपणे २५ किंवा ५० मीटरचे असतात. ऑलिम्पिकमधला तलाव ५० मीटरचा असतो. पर्याय असेल तर सुरुवात २५ च्या तलावात करा. भिंत जवळ असली की मन शांत राहतं आणि शांत मनाला दम कमी लागतो. आता शब्दांचा एक घोळ. 'लॅप' म्हणजे कुणी एक बाजू धरतं, कुणी जाऊन-येऊन. वाद घालण्यापेक्षा मीटरमध्ये मोजा. मी इथे एका बाजूला 'लेंग्थ' म्हणतोय.

सामान

तीन गोष्टी पुरतात: अंगाबरोबर बसणारा पोहण्याचा कॉस्च्यूम, टोपी आणि गॉगल. ढगळ चड्डी पाण्याने फुगते आणि मागे खेचते. टोपी सिलिकॉनची घ्या. लॅटेक्सच्या टोपीत केस ओढले जातात आणि ती लवकर फाटते.

गॉगल मात्र वेळ घेऊन निवडा. पट्टा न लावता दोन्ही भिंगं डोळ्यांच्या खोबणीवर हलके दाबा आणि हात सोडा. क्षणभर तो तसाच चिकटून राहिला तर तुमच्या चेहऱ्याचा. लगेच गळून पडला तर पट्टा कितीही आवळा, पाणी शिरणारच, शिवाय डोळ्यांभोवती वळ उठतील. आतल्या बाजूला धुकं येऊ नये म्हणून लेप दिलेला असतो, तो बोटाने पुसला की निघतो. चष्मा असेल तर नंबरचे गॉगल मिळतात. कॉन्टॅक्ट लेन्स घालून पोहू नका. पाण्यातले सूक्ष्मजीव लेन्सखाली अडकून डोळ्याला गंभीर संसर्ग होऊ शकतो.

पॅडल (तळव्याला बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या), पुल बॉय (मांड्यांमध्ये धरायचा तरंगता ठोकळा), स्नॉर्कल (तोंड पाण्यात ठेवून श्वास घ्यायची नळी) सध्या राहू द्या. किकबोर्ड, म्हणजे हातांत धरून नुसते पाय मारायची तरंगती फळी, बहुतेक तलावांवर मिळतो.

पहिला आठवडा: फक्त श्वास

जोरात श्वास घ्यावासा वाटतो, छाती फुटेल असं होतं, ती भावना बहुतांशी ऑक्सिजन संपल्याने येत नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला की मेंदू ती हाक देतो. श्वास कोंडून पोहणारा माणूस तो वायू आतच साठवत जातो आणि दहा-बारा हातांत हैराण होतो.

छातीइतक्या पाण्यात भिंतीला दोन्ही हातांनी धरून उभे राहा आणि कंबरेतून पुढे वाका. तोंडाने श्वास घ्या, चेहरा पाण्यात घाला, नजर तळाकडे. आता नाकातून हळूहळू, गुणगुणल्यासारखा श्वास सोडत राहा. बुडबुडे गालांवरून, कानांजवळून वर जाताना जाणवतील. मनात एक, दोन, तीन, आणि तिसऱ्याला उरलेली हवा नाकातोंडातून फुंकून टाका. मग मान एका बाजूला फिरवा. उचलायची नाही, फिरवायची, आणि एक कान पाण्यातच राहू द्यायचा. एक भिंग पाण्यात, एक बाहेर. तोंड उघडलं की हवा आपसूक आत येते, ओढून घ्यावी लागत नाही. परत तोंड पाण्यात आणि लगेच बुडबुडे सुरू.

हे वीस वेळा करा, थोडं थांबा, पुन्हा वीस. दुसऱ्या दिवशी दुसरी बाजू. कंटाळवाणं वाटेल, पण पहिले तीन दिवस मी अर्धा वेळ एवढंच केलं आणि चौथ्या दिवशी पहिल्यांदा एक लेंग्थ न थांबता झाली. पळण्याने वर्षभरात जे दिलं नव्हतं ते या बुडबुड्यांनी आठवड्यात दिलं.

पोहताना मान फिरवायला जागा कुठून मिळते, असं अनेकजण विचारतात. डोकं पुढे सरकताना त्याच्यासमोर छोटी लाट उठते आणि तिच्या मागे, बरोबर गालाजवळ, पाण्यात खळगा तयार होतो. तोंड त्या खळग्यात येतं. म्हणून सरावलेले लोक पाण्याच्या पातळीपेक्षा किंचित खालून श्वास घेताना दिसतात.

श्वास दर दोन हातांनी, म्हणजे एकाच बाजूला, घेतलात तरी चालेल. दर तीन हातांनी आलटून पालटून घेण्याचा आग्रह सुरुवातीला धरू नका, त्याने हवा कमी पडते. एका लेंग्थला उजवीकडे आणि परतताना डावीकडे, असं केलं की मान एकाच बाजूला आखडत नाही.

आडवं राहणं

फुफ्फुसं हवेने भरलेली, म्हणून छाती तरंगते. पाय जड, म्हणून बुडतात. माणूस तराजूसारखा असतो, डोकं वर केलं की कंबर खाली. समोरची भिंत बघत पोहणारा माणूस उतारावर चढत असल्यासारखा पोहतो आणि त्याची निम्मी ताकद स्वतःचं धूड पाण्यातून ओढण्यात जाते. नजर तळावरच्या काळ्या पट्टीवर ठेवा, मानेच्या मागच्या बाजूला पाण्याचा स्पर्श होऊ द्या, छाती किंचित खाली दाबा. नितंब पृष्ठभागाशी आले की वेग वाढल्याचं लगेच कळतं. भिंत कधी येणार ही चिंता नको. स्पर्धेच्या मापाच्या तलावात काळी पट्टी भिंतीच्या दोन मीटर अलीकडे संपते आणि तिथे आडवी रेघ असते. ती दिसली की हात पुढे करा.

भिंतीला पाय लावून स्वतःला ढकलताना दोन्ही हात डोक्यावर, तळव्यावर तळवा, दंड कानांना चिकटलेले. बाण सुटतो तसं जा आणि वेग मंदावेपर्यंत हात सुरू करू नका. दर लेंग्थला तीन-चार मीटर फुकट मिळतात.

पाय कमरेतून मारा. गुडघे सैल, पावलं मागे ताणलेली, घोटे ढिले. पळणाऱ्यांचे घोटे आखडलेले असतात आणि त्यांची पावलं पाण्यात आकड्यासारखी अडकतात. माझं तसं होतं. आखूड फिन्स (पावलांत घालायचे रबरी पंख) लावून आठवड्यातून एकदा चार-सहा लेंग्थ केल्यावर महिन्या-दोन महिन्यांत फरक पडला. आणखी एक लक्षात घ्या, मांड्यांचे स्नायू मोठे आणि ऑक्सिजनचे भुकेले. पाय जोरात मारले की दम तिथेच संपतो. लांब अंतर पोहणारे पाय केवळ तोल राखण्यापुरते हलवतात.

हात

हाताबद्दल लिहावं तितकं थोडं, पण सुरुवातीला दोनच गोष्टी सांभाळा. हात खांद्याच्या सरळ रेषेत, बोटं आधी, असा पाण्यात घाला. डोक्याच्या मध्यरेषेपलीकडे गेला की शरीर सापासारखं वळवळतं आणि खांद्यावर ताण येतो. मग पाणी खाली न दाबता मागे ढकला. त्यासाठी कोपर वर ठेवून आधी तळवा आणि कोपराखालचा हात मागच्या भिंतीकडे तोंड करून उभा करा. पिंपावरून पलीकडे हात टाकून ते आपल्याकडे ओढतोय, अशी कल्पना करा.

सगळं फ्रीस्टाइलच करायला हवं असं नाही. १८७५ मध्ये मॅथ्यू वेबने इंग्लिश खाडी पहिल्यांदा पोहून पार केली ती ब्रेस्टस्ट्रोकने, २१ तास ४५ मिनिटांत. पुढे १९२६ मध्ये गर्ट्रूड एडर्लीने क्रॉल वापरून तीच खाडी सुमारे साडेचौदा तासांत पार केली. ती खाडी पोहणारी पहिली स्त्री ठरली आणि तोवरच्या सगळ्या पुरुषांपेक्षा तिची वेळ सुमारे दोन तासांनी कमी होती. क्रॉल, म्हणजे आपण ज्याला फ्रीस्टाइल म्हणतो तो, कमी श्रमात जास्त अंतर कापतो, म्हणून शेवटी त्याच्याकडेच यायचं. पण सध्या एक लेंग्थ फ्रीस्टाइल आणि परत येताना ब्रेस्टस्ट्रोक किंवा बॅकस्ट्रोक, असं करायला अजिबात संकोच नको.

पहिले दोन महिने

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. पाण्यात अर्धा तास. रविवारी एकदाच दोन तास पोहण्याने पाण्याशी ओळख होत नाही. हाताला पाण्याची जाणीव राहते ती वारंवार उतरल्याने.

पहिले दोन आठवडे: १० ते १२ लेंग्थ, म्हणजे २५०–३०० मीटर. प्रत्येक लेंग्थनंतर भिंतीशी थांबा आणि दहा-बारा शांत श्वास घ्या. थांबणं हा कमकुवतपणा नाही, व्यायामाची रचनाच तशी आहे. पट्टीचे पोहणारेही तुकड्यातुकड्यांत सराव करतात, कारण थकलेल्या शरीराने पोहलेलं अंतर चुकीच्या सवयी पक्क्या करतं.

तिसरा-चौथा आठवडा: ५० मीटरचे तुकडे, मध्ये ३०–४० सेकंद विश्रांती. असे सहा ते आठ. पाचव्या-सहाव्या आठवड्यात त्यात १०० मीटरचे दोन-तीन तुकडे मिसळा. सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत एक दिवस साधारण असा दिसू लागेल:

- २०० मीटर अगदी सावकाश, हवं तिथे थांबून
- २५ मीटर चार वेळा, फक्त एका गोष्टीकडे लक्ष देऊन (एकदा श्वास, एकदा मान, एकदा पाय, एकदा हात)
- ५० मीटर आठ वेळा, मध्ये २०–३० सेकंद विश्रांती
- १०० मीटर सावकाश, कोणताही स्ट्रोक

हे ८०० मीटर झाले. कुणाला इथे यायला दोन महिने लागतील, कुणाला पाच. तक्त्याच्या मागे धावू नका, आधीचा आठवडा सहज झाला तरच पुढे सरका.

यातला आठ वेळा ५० मीटरचा भाग सगळ्यात जास्त शिकवतो. भिंतीवरच्या घड्याळात पाहून प्रत्येक ५० ची वेळ लक्षात ठेवा. पहिली १ मिनिट ५ सेकंदांत आणि आठवी दीड मिनिटात आली, तर अडचण आठवीत नव्हती. पहिली घाईत पोहली गेली होती. पुढच्या वेळी पहिली जाणूनबुजून १ मिनिट १५ सेकंदांत पोहा, इतकी हळू की अस्वस्थ वाटेल. आठही वेळा चार-पाच सेकंदांच्या आत आल्या की समजा, वेगावर तुमचा ताबा आला. माझ्या मते नवशिक्याने जपावा असा हाच एक आकडा आहे.

किती जोर लावायचा? भिंतीशी थांबल्यावर दोन-तीन श्वासांत एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. नाडीच्या ठोक्यांचा जमिनीवरचा हिशोब इथे लावू नका. आडवं शरीर, पाण्याचा दाब आणि गारवा यांमुळे तेवढ्याच कष्टाला ठोके मिनिटाला दहाएकने कमी पडतात. घामही येतो, दिसत मात्र नाही. पाण्याची बाटली लेनच्या टोकाशी ठेवा.

लेनमधली माणसं

नवीन माणसाला खरी भीती पाण्याची कमी आणि दुसऱ्यांच्या मध्ये येण्याची जास्त वाटते. नियम माहीत असले की ती जाते. संथ लेन निवडा. दोघेच असाल तर बोलून लेन अर्धी-अर्धी वाटून घेता येते. तिसरं कुणी आलं की गोल पोहायचं, म्हणजे काळ्या पट्टीच्या एका बाजूने जायचं आणि दुसऱ्या बाजूने परत यायचं. डावीकडून की उजवीकडून, ते फलकावर लिहिलेलं असतं किंवा उतरण्यापूर्वी मिनिटभर बघितलं की कळतं.

थांबायचं ते भिंतीशी, कोपऱ्यात, वळणाऱ्यासाठी मधली जागा मोकळी सोडून. मध्येच उभे राहू नका. मागून कुणी पायाला हलकेच बोट लावलं तर रागावू नका, 'पुढे जाऊ का' एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या भिंतीशी थांबा आणि त्याला जाऊ द्या. तो गेल्यावर पाचेक सेकंदांनी निघा. हाताला हात लागतातच कधीतरी. 'सॉरी' म्हणा आणि पोहत राहा.

दुखणी

खांदा. स्नायू थकून दुखतात ते दोन दिवसांत जातं. पण हात वर नेताना खांद्याच्या पुढच्या बाजूला किंवा आत खोल टोचल्यासारखं झालं, तर त्या दिवशी पोहणं थांबवा. अंगठा आधी घालून हात पाण्यात शिरणं, मध्यरेषा ओलांडणं आणि एकदम अंतर वाढवणं ही नेहमीची कारणं. पॅडल लावल्याने हा भार आणखी वाढतो, म्हणून ते काही महिने लांबच ठेवा. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखत असेल तर पाय फार फाकत आहेत. किक अरुंद करा किंवा काही दिवस सोडून द्या.

पोटरीत गोळा आला तर घाबरून हातपाय मारू नका. पाठीवर तरंगा, गुडघा सरळ करा आणि पावलाची बोटं नडगीकडे ओढा. गोळा सुटला की सावकाश काठ गाठा.

पोहून झाल्यावर डोकं दोन्ही बाजूंना कलवून कानातलं पाणी काढा आणि टॉवेलच्या टोकाने बाहेरून टिपा. कापसाच्या काड्या घालू नका. त्यांनी कानातला मळ, म्हणजे कानाचं संरक्षण, निघून जातं आणि ओल्या त्वचेला ओरखडे पडतात. कानाची पाळी ओढल्यावर दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि बरं होईपर्यंत उतरू नका. केस उतरण्यापूर्वीच साध्या पाण्याने भिजवून घ्या. भिजलेला केस क्लोरीनचं पाणी कमी शोषतो.

जुलाब होत असतील तर तलावात जायचं नाही, थांबल्यावरही काही दिवस नाही. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे जंतू क्लोरीन असलेल्या पाण्यातही कित्येक दिवस जगतात आणि एका माणसामुळे अनेकजण आजारी पडतात.

एक गोष्ट कधीही करू नका

श्वासाचा सराव आवडू लागला की 'एका दमात पाण्याखालून किती जातो बघू' असं मनात येतं. काहीजण त्यासाठी आधी भराभर मोठे श्वास घेतात. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, पण कार्बन डायऑक्साइड निघून जातो. वर सांगितलं तसं, श्वास घे म्हणून हाक देणारा तोच वायू. हाक येतच नाही, ऑक्सिजन संपत जातो आणि माणूस कसलीही धडपड न करता पाण्याखाली बेशुद्ध होतो. काठावरच्यांना वाटतं तो पोहतोय. उत्तम पोहणारे, तरुण, निरोगी लोक असे गेले आहेत. पैज लावू नका, आणि मित्र लावत असेल तर त्याला थांबवा. जीवरक्षक जागेवर नसेल तर एकट्याने पोहू नका आणि खोली माहीत नसलेल्या पाण्यात सूर मारू नका.

टिकवायचं कसं

वार आणि वेळ ठरवून टाका, रोज सकाळी 'जाऊ की नको' हा प्रश्न पडायलाच नको. पिशवी आदल्या रात्री भरा. पाण्यात उतरल्यावर पहिली चार-पाच मिनिटं जवळजवळ नेहमीच जड जातात, अजूनही माझी जातात. अंग गार, श्वास अडखळता, हात शिशासारखे. त्या पाच मिनिटांवरून दिवस कसा जाईल हे ठरवू नका. दोनशे मीटर झाल्यावर ठरवा.

एक छोटी वही ठेवा. तारीख, मीटर आणि एका लेंग्थला किती हात लागले, एवढंच लिहा. वेळेपेक्षा हातांची संख्या जास्त खरं बोलते. माझ्या वहीत सुरुवातीला २५ मीटरला २९ हात आहेत आणि सहा महिन्यांनी २१. मधल्या काळात ताकद फार वाढली नव्हती, हातांचं पाण्यात नुसतं घसरणं कमी झालं होतं. दोन-तीन आठवडे आकडा हलत नाही असंही होतं. तेव्हा अंतर वाढवू नका. प्रशिक्षकाला दहा मिनिटं काठावरून बघायला सांगा, किंवा परवानगी असेल तर कुणाला तरी तुमचा व्हिडिओ काढायला सांगा. आपली मान किती वर येते हे आपल्याला आतून कधीच कळत नाही.

आजारपण, प्रवास, परीक्षा यांमुळे खंड पडतोच. परतल्यावर जुन्या अंतराच्या निम्म्याने सुरुवात करा, पण ठरलेला वार आणि ठरलेली वेळ तीच ठेवा. पहिल्या दिवशी भिंतीला धरून वीस वेळा बुडबुडे, मग चार लेंग्थ, प्रत्येकीनंतर दहा शांत श्वास. त्या दिवसापुरतं तेवढं पुरे.